पित्ताजवळ

महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी दिवसभर
माणसांची पोटं आतून बघते.
चेहरा नाही, नाव नाही. फाइलवर नुसता आकडा
आणि गुलाबी उजेडात शिरलेली दोन अवजारं.
मी त्यांच्या टोकांभोवती चौकटी काढते,
ही पकड, हा हुक, ही कात्री.
सेकंदाला एक चित्र. एका पित्ताशयाची
अडीच-तीन हजार होतात.
त्यातून यंत्र हात ओळखायला शिकतं,
मग तेच सांगतं कुठला हात किती तयार,
कुठे वळसा, कुठे कापरा,
कुठे वेळ फुकट.

सतरा नंबर मला पहिल्याच आठवड्यात कळला.
बाई की बुवा, ठाऊक नाही.
चरबी बाजूला सारत सरळ येतो,
आणि नळीपाशी, क्लिप लावायच्या आधी,
दोन्ही अवजारं गप्प.
अकरा सेकंद. एकदा चौदा.
यंत्र लिहितं: निष्क्रिय वेळ.
गुण जातात.

दिवाळे कोळीवाड्यात, ओट्यावर, आय जिताडा कापते.
खवले उडवताना तिचा हात दिसत नाही,
गिऱ्हाईक, सुटे पैसे, शेजारणीशी भांडण, सगळं त्यातच.
पण पोट फाडून बोटं आत गेली
की भांडणसुद्धा अर्ध्यावर थांबतं.
"पित्त फुटला त अख्खा जिताडा करू."
कडूला ती करू म्हणते.
ह्या शब्दावरून वर्गात मला हसले होते.
ती हिरवी गोटी अलगद सोडवते,
मांजरांच्या पलीकडे भिरकावते,
आणि भांडण
जिथे सोडलं होतं तिथून उचलते.

शुक्रवारी नायगावकर सरांना विचारलं,
सतराच्या त्या अकरा सेकंदांना लेबल काय देऊ?
म्हणाले, यादीत बघ.
यादीत होतं
पकडणे, ओढणे, कापणे, जाळणे, धुणे.
बघणे नव्हतं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
हात रिकामा नाही. बघतोय.

सोमवारी फाइल परत आली.
शेरा अमान्य, चौकटी पुन्हा काढाव्यात.
काढल्या. अकरा चित्रं, अकरा चौकटी,
एकीवर एक अशा बसल्या
की पडद्यावर एकच दिसत होती.
मी माऊस सोडला,
नुसती बघत राहिले.

कोपऱ्यात
माझाही निष्क्रिय वेळ
मोजायला लागला.