मागची खोली

पदम थापा मगर आला भादव्यात,
तेव्हा आमच्या सुभेदारांना जाऊन आठ महिने झाले होते.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.
पोवई नाक्यावरून रिक्षा, काळी ट्रंक,
ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं घातलेला नंबर,
आणि खिशात यांच्या हातचं पत्र:
रिटायर झालास की साताऱ्याला ये, मागची खोली रिकामी आहे.

एकाच खिंडीत दोन हिवाळे काढले होते दोघांनी.
त्यानं दारातूनच फोटोवरचा हार पाहिला,
ताठ होऊन सॅल्यूट केला,
ट्रंक उचलली, परत निघाला.
मी म्हटलं, खोली अजून रिकामीच आहे.

त्याचं गाव डोंगरासकट खाली आलं होतं म्हणे.
रजा मंजूर होऊन तो पोचला
तर नदीनंच वाट बदललेली.
हे त्यानं मला घेवडा निवडताना सांगितलं,
मान वर न करता, शिरा काढत.
अजिंक्यताऱ्याकडे बघून मात्र हसला.
म्हणाला, दिदी, आमच्याकडे याला अंगण म्हणतात.

पहाटे चारला उठायचा.
आमचं अंगण, मग गल्ली, मग थेट दूध डेअरीपर्यंत झाडून काढायचा.
गल्लीतली कुत्री त्याच्यामागं रांगेत चालू लागली.
बाजारात भाजीवाली सांगेल त्या भावाला "जी".
सरकारी कचेरीत कारकून म्हणाला, उद्या या,
तर हा सकाळी नऊला हजर,
संध्याकाळी पाचपर्यंत व्हरांड्यात उभा.
मी सांगितलं, अरे, "उद्या या" हा हुकूम नसतो,
ती इथली नमस्कार करायची रीत आहे.
आणि कुणी "जेवलात का" विचारलं
तर लगेच पाटावर बसायचं नसतं.
मी विचारलं तर बसायचं.

मला हे काही नवं नव्हतं.
हेसुद्धा अठ्ठावीस वर्षांनी घरी आले
ते पाहुण्यासारखेच.
मला विचारायचे, चहाची वेळ किती?
पोरं दंगा करायला लागली की
कुठं उभं राहावं ते कळायचं नाही.
पण यांना चुकायला घर होतं,
ओरडायला मी होते.
चुकायलासुद्धा माणसाला घर लागतं.

रात्री तो झोपेत बोलायचा, त्याच्या भाषेत.
मधली भिंत विटेची, पातळ.
मला एकच शब्द कळायचा: आमा.
उठून जाणं बरं दिसलं नसतं.
मग मी स्वयंपाकघरात मुद्दाम एखादं भांडं पाडायची.
कुणीतरी जागं आहे, एवढं कळावं.
पलीकडं शांत व्हायचं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
बँकेत मशीननं त्याचा अंगठा घेतलाच नाही.
बर्फानं खाल्लेली बोटं, रेषा कुठल्या उरणार?
पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, फुंकर मारून ठेवला.
मशीनचं एकच, जुळत नाही.
मागं रांग कुरकुरायला लागली.
हा अगदी ताठ उभा,
जणू जिवंत असल्याचा गुन्हा सापडलाय.
काऊंटरवरची पोरगी म्हणाली, यांना ओळखणारं कोण आहे?
मी म्हटलं, मी.
नातं?
पेन हातात तसंच राहिलं.
बहीण लिहावं तर आडनाव जुळेना,
घरमालकीण लिहावं तर भाडं घेत नव्हते.
शेवटी म्हटलं, लिहा, मागची खोली.
ती हसली. साहेबांकडे घेऊन गेली.
पाऊण तासानं शिक्का मिळाला, तो जिवंत आहे.
बाहेर आल्यावर त्यानं मुळ्याच्या जुडीवर
दोन रुपये कमी करून घेतले.
पहिल्यांदाच. आणि मग वाईट वाटून
तेवढ्याची कोथिंबीर घेतली.

पौषात यांचं वर्षश्राद्ध झालं.
पाहुणे गेले, भांडी घासून झाली,
मुलगा रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेला.
मला झोप येईना.
आवाज केला नव्हता मी. निदान मला तसं वाटतं.
दोनच्या सुमाराला मागच्या खोलीत
धाडकन काहीतरी पडलं.

सकाळी मी विचारलं नाही.
पातेल्याला चांगलाच पोचा आला होता.
त्यानं तो भिंतीकडं वळवून ठेवला होता,
चहा मात्र त्यातच उकळत होता, दोघांचा.