बावीस पावलं

थिबोबाई म्हणाल्या, आधी फोटो उतरवा.
बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे
की इथे अजून कुणी राहिलेलंच नाही.
मग देव गेले, फ्रिजवरची चुंबकं गेली,
हिंगाची डबी झाकण घट्ट लावूनही
गाडीच्या डिकीत हद्दपार झाली.
कोठाराला लाल रंग दिला, रस्त्याकडच्या बाजूला तेवढा.
विहिरीचं पाणी बाटलीतून तपासणीला गेलं
आणि पहिल्याच फटक्यात पास होऊन आलं.

राहिली सेप्टिक टाकी.
तिचं झाकण तूच पुरलंस, ब्याण्णवच्या ऑक्टोबरात.
वर माती, मातीवर गवत.
नकाशा काढू म्हणालास, आणि डोक्यातच ठेवलास.
त्या डोक्यात मार्चमध्ये गुठळी अडकली
आणि शब्द गेले. माझं नावसुद्धा.
अंक तेवढे उरले, आणि एक शिवी.

तुला शाल गुंडाळून पायरीशी खुर्चीत बसवलं.
हातात पहार घेऊन विचारलं, किती?
"बावीस."
स्वच्छ, पाढा म्हणावा तसं.

स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बावीस चालले.
पहार मारली. माती.
पुन्हा मारली. दगड.
व्हरमाँटात दुसरं काय पिकतं?
एकविसावर, तेविसावर, डावीकडे, उजवीकडे,
हिरवळीला देवीचे वण उठले
आणि उद्या सकाळी फोटोवाला यायचा होता.

तू शिवी घातलीस.
मग चालता पाय, डावा, फरशीवर आपटलास
आणि माझ्या चपलांकडे बोट केलंस.

तुझे बूट दाराआड होते, अकरा नंबरचे,
तळव्यात गेल्या शरदातला चिखल.
दोन-दोन मोजे घालून चढवले.
आणि तुझी ढांग टाकली, जिच्यामागे मी
चव्वेचाळीस वर्षं, विमानतळांवर, बर्फात,
अरे थांब की जरा, म्हणत पळत आले.
वीस.
एकवीस.
बावीस.
ठण्.

दुपारी टँकरवाला बूशे आला.
नाकाला रुमाल न लावता आत वाकून बघितलं,
झकास आहे म्हणाला, वीस वर्षं काळजी नको,
आणि केशरी झेंडी रोवून गेला.

रात्री नव्या मालकांसाठी कागद लिहायला बसले.
खिडकीपासून सरळ बावीस पावलं.
थांबले. खाली जोडलं:
पावलं उंच माणसाची.
तुला मोठ्याने वाचून दाखवलं.
तू बराच वेळ झेंडीकडे बघत राहिलास.
म्हणालास, "तेवीस."