कॅमेरा नंबर अकरा

रात्रपाळीत बोगदा माझ्या टेबलावर असतो,
सोळा चौकटींत चिरलेला.
गाडी एका चौकटीतून जाते, दुसरीत उगवते.
मधल्या अंतरात ती कुठे असते कोण जाणे.

जमीन गेली म्हणून ही नोकरी.
सातबाऱ्यावरून बापाचं नाव उतरलं
आणि ओळखपत्रावर माझं चढलं.

पूर्वी हा घाट म्हणजे पाऊण तास
आणि नाकाशी धरायला एक लिंबू.
आता चार मिनिटं.
बांगडा डोळे लाल व्हायच्या आत कोल्हापूर गाठतो.
परवा कुडाळची एक बाळंतीण वेळेत पोचली,
हेही सांगायला हवं.

फक्त अकराची चौकट ओली.
साहेब म्हणतात, सीपेज.
तीनदा सिमेंट भरलं,
तीनदा ते दोन हात सरकून पुन्हा आलं,
तेही ऐन वैशाखात.
वहीत मी रोज लिहिते : अकरा. ठिबक. चालू.

बरोब्बर वर, सड्याच्या कडेला, केवणीची झर आहे.
होती.
सुरुंग लागले त्या वर्षी वाडीत पहिला टँकर आला
आणि आई सगळ्यांच्या मागे राहिली,
पाण्यासाठी रांग लावायची असते
हे तिला ठाऊकच नव्हतं.

काल पावणेतीनला अकरात माणूस.
पायी. काखेत छत्री, हातात तांब्या.
लाडू घाडी.

नियमाप्रमाणे माइक दाबला :
पादचाऱ्यांना प्रवेश नाही, कृपया...
त्याने मान वर करून भोंग्याकडे पाहिलं,
हाक मारणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं,
आणि तांब्या भिंतीला लावला.

एक ट्रेलर गेला. धोतर फडफडलं, चौकट थरथरली.
मी डावी लेन लाल केली.
थेंबाथेंबाने तांब्या भरायला
एकोणीस मिनिटं लागतात,
हे आता मला माहीत आहे.

त्याने चूळ भरली नाही, सरळ प्यायला.
मग कॅमेऱ्यात बघून काहीतरी बोलला.
आमच्या कॅमेऱ्यांना आवाज नाही.
तरी ओठ वाचता आले :
ह्यां आपलाच, गो.

सकाळी लेन बंद ठेवल्याचं कारण भरायचं होतं.
रकान्यात मी लिहिलं : प्राणी.
शाई वाळायच्या आत
पहिल्या अक्षराच्या पायातली तिरकी रेघ
नखाने खरवडून काढली.