दुसरा भाग आधी

आमच्याकडं दुसरा भाग आधी लागला.
पहिला कुठं अडकला होता कुणास ठाऊक,
मिरजेला की हुबळीला,
पण सुवर्णकला टॉकीजच्या भिंतीवर एका सकाळी
खळ अजून ओली असलेलं पोस्टर:
काळं आकाश, त्यात एक जहाज.
जहाजाला खिडक्या किती ते मोजता मोजता
माझी प्रार्थना चुकली, आणि छडी बसली.

बाबा म्हणाले, इंग्रजी आहे, तुला काय कळणार?
दस्तगीरमामा म्हणाला, मी हाय की.

दस्तगीरमामा उद्यमनगरात बीड ओतायचा.
भुवया कायम जळालेल्या,
आणि रविवारी घासून अंघोळ केली तरी
अंगाला साच्याच्या वाळूचा, मळीचा वास.
त्याच्या सायकलच्या नळीवर बसून मी
दोन वेण्या आणि एक रुमाल घेऊन
अंतराळात गेले.

पडद्याला डाव्या कोपऱ्यात ठिगळ होतं,
जाड दोऱ्यानं शिवलेलं.
पहिला ग्रह त्यावरनं सरकला
तेव्हा मला वाटलं, त्याला तिथं लागलंय.

मग ती आली. कापलेल्या केसांची, जहाजाची मालकीण.
लोखंडी माणसासमोर उभी राहून बराच वेळ बोलली.
मामा कानात म्हणाला,
‘ती म्हणत्या, लेका, जेवलास काय?’
‘आणि तो?’
‘तो म्हणतोय, मी लोखंडाचा, मला कुठली भूक.
ती म्हणत्या, लोखंडालाबी तेल लागतंय.’

पुढच्या रांगेतला एक जण वळला.
मला वाटलं, आता ओरडणार.
तो म्हणाला, ‘जरा मोठ्यानं सांगा की.’
मध्यंतरापर्यंत तीन रांगा
मामाचा पिक्चर बघत होत्या.
कुणीतरी आमच्याकडं भडंगाचा पुडा सरकवला.

सूर्य विझत चालला होता, एवढं मला दिसत होतं.
त्याला पेटवायला त्यांनी अख्खं जहाज वितळवायला घेतलं.
रस वाहू लागला, लालभडक,
आणि मामा खुर्चीत सरळ झाला:
‘खोटं हाय. एवढा तापलेला रस तांबडा नसतोय.
पांढरा पायजे.’

त्या रसात लोखंडी माणूस उतरला.
गुडघा, कंबर, छाती.
मान वळवून त्यानं तिच्याकडं पाहिलं.
मी मामाची बाही ओढली. काय म्हणाला? काय म्हणाला तो?
तीन रांगा थांबल्या होत्या.
मामा काही बोलला नाही.
परत येताना रंकाळ्यावर चढ नसतानाही
तो सायकलवरनं उतरून चालत राहिला,
मी नळीवर तशीच.

आठवडाभर बाबांचा डबा मीच पोचवला.
भट्टीच्या दाराशी उभी राहून
सांडलेला थेंब जमिनीवर फुटताना बघायचा,
ठिणग्या मोजायच्या, त्यांना नावं द्यायची.
‘हो मागं, पोरी,’ म्हणायचा मामा,
‘हितं तिकीट न्हाई, पण डोळं जात्यात.’

तिसरा भाग आला तेव्हा मी दहावीत होते, मैत्रिणींबरोबर गेले.
इंग्रजी थोडं कळत होतं. फार काही झालं नाही.

पहिला बघितला तो परवा.
मुलाच्या लॅपटॉपवर, खाली मराठी अक्षरं.
सूर्य का विझतो, लोखंडी माणूस कुणी घडवला,
सगळ्याचा उलगडा होता त्यात.
मी मधे दोनदा कुकर बघायला उठले.

मग दुसरा लावला.
ती आली, त्याच्यासमोर उभी राहिली,
आणि खाली अक्षरं उमटली:
‘तुझ्या इंधनाची पातळी तपासलीस का?’

मी इतकी हसले की मुलानं पिक्चर थांबवला.
पुन्हा सुरू केला.
वितळणं आलं. गुडघा, कंबर, छाती.
त्यानं मान वळवली. मी चष्मा पुसून पुढं झुकले.
खाली एकही अक्षर नाही.
तो काही बोललाच नव्हता.

वर डाव्या कोपऱ्यात आकाश सलग होतं,
कुठं टाका नाही.
आणि रस अजून तांबडाच.
‘पांढरा पायजे,’ मी म्हटलं.
मुलगा म्हणाला, ‘काय?’