ऐंशी रुपयांचं सील

किक बसत नाही, म्हणाला उन्मेष.
बसणार कशी. आत दगड झाला होता.
उजवा हात गळ्यात, हाडाला प्लेट,
डाव्या हाताने त्यानं पाना पुढे केला.

म्हसरूळच्या माळावर, चामरलेण्याच्या पायथ्याशी,
तिसऱ्या लॅपला, उडीच्या चढावर
मागचं चाक एकदम धरलं.
बघणारे सांगतात, पोरगं हवेत एकटंच पुढे गेलं,
गाडी मागे राहिली.

कापडणीस साहेब नाशिकरोडच्या प्रेसात,
आयुष्यभर कोऱ्या नोटा मोजल्या.
म्हणाले, भंगारात टाका, किलोवर द्या.
मग म्हणाले, तेल टाकायला विसरलं असणार कार्टं.
पोरानं मान खाली घातली.

टू-स्ट्रोकचं असं आहे,
तिच्या पोटात तेलाची वेगळी शिदोरी नसते.
पेट्रोलात मिसळून देऊ तेवढंच.
जे पिते त्यावरच जगते
आणि तेही जाळून टाकते.
उन्मेष खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मापतो,
लिटरला चार झाकणं,
वर एक थेंब, गाडीच्या जिवासाठी म्हणतो.

हेड निघालं. सिलिंडर येईना.
लाकडी ठोकळा, रबरी हातोडा,
एकदा या अंगाने, एकदा त्या,
रुसलेली म्हैस गोठ्याबाहेर काढावी तसं.
आला.
पिस्टनवर ओरखडे, सायलेन्सरच्या बाजूला खोल.
रिंग खाचेत गाडलेली, नखाने हलेना.
ॲल्युमिनियम बोअरला चिकटलेलं,
तव्याला लागलेल्या धिरड्यासारखं.
प्लगचं टोक पांढरं.
चुन्यासारखं पांढरं.

खाली क्रँकपाशी बोट घातलं.
बाहेर काढलं, अंगठ्यावर घासलं.
घसरलं.
तेल होतं.

मी काही बोललो नाही.
मॅग्नेटो उघडला.
डाव्या बाजूचं सील, ओठ वाळून कडक,
एका जागी केसाएवढी चीर.
तिथून इंजिन वारा पीत होतं, सबंध तीन लॅप.
वारा जास्त, पेट्रोल कमी,
पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी.

हे सील मीच बसवलं होतं.
बसवलं म्हणजे, जुनंच पुसून परत.
रेसच्या आदल्या रात्री, साडेनऊला,
हकीमुद्दीननं शटर ओढल्यावर.
म्हटलं, एका रेसला काय होतंय.

द्वारकेला पगारेकडे बोअरिंगला नेलं.
अर्धा मिलीमीटर मोठं.
पोर्टच्या कडा घासता घासता,
नवी रिंग खिडकीत अडकू नये म्हणून,
पगारेनं विचारलं, कुणी खाल्लं हे?
वाऱ्याने, म्हटलं.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि मशीन चालू केलं.

गुरुवारी जोडायला घेतलं.
पोरगं रोज येऊन स्टुलावर बसायचं,
नट रॉकेलात धुवायचं एका हाताने.
पिनची सर्क्लिप चिमट्यातून उडाली.
टिंग. आवाज आला, दिसली नाही.
दोघं फरशीवर पालथे,
त्याचा एक हात, माझे दोन, मोबाईलचा उजेड.
मी कपाटाखाली खांद्यापर्यंत घुसलेला,
तोंड भिंतीकडे.
तिथूनच म्हणालो,
तेल तुझं बरोबर होतं. सील माझं होतं.

बराच वेळ काही नाही.
बाहेर द्राक्षाच्या क्रेटांचा टेम्पो रिव्हर्स घेत होता,
त्याचं ते टुंई टुंई.

सापडली, म्हणाला.
कॉम्प्रेसरच्या चाकापाशी.
तळहातावर धरून बसला,
दिली नाही लगेच.
मग, पप्पांना सांगाल?

सिलिंडर अजून बसवायचा होता.
बोअरच्या आत बारीक तिरप्या रेघा,
त्यांना तेल लावून ठेवलेलं,
त्यावर धूळ बसायला नको म्हणून
मी आधी फडकं टाकलं.
हात पुसले, नखांतलं निघेना.
नंबर त्यानेच लावून दिला,
डाव्या हाताने.