वाळूखातं

शमाल सुटला की आमची ड्यूटी लागते.
धैदच्या पुढं गाफची झाडं संपतात
(आपली शमीच ती, इथं गाफ म्हणतात)
आणि रूळ डोंगराकडं वळतात,
तिथं एका रात्रीत वाळू चढते खडीवर,
स्लीपर बुजवते, रुळाच्या पोटाला लागते.
बरीचशी मशीन ओढतं. उरलेली आम्ही.
फावडं, ब्रश, कपाळाला दिवा,
आणि सुपरवायझरचं एकच पाठ वाक्य:
रुळावर कण दिसता कामा नये.

अण्णांना हे पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा फोनवर नुसते हसत होते, ठसका लागेस्तोवर.

अण्णा कुर्डुवाडीच्या शेडात वाळू भाजायचे.
फायरमन व्हायचं होतं. नजरेत नापास झाले,
म्हणून वाळूखातं.
सीनेची वाळू, आधी चाळायची,
मग भट्टीवर परतायची, रवा परततात तशी,
पण रंग येऊ द्यायचा नाही,
नुसती कोरडी, बोटांतून सुळकन गळेल इतकीच.
मग खांद्यावरून वर नेऊन
इंजिनाच्या पाठीवरच्या घुमटात ओतायची.
दव पडलं, चढ आला, चाकं जागच्या जागी भिरभिरली
की ड्रायव्हर दांडा ओढणार,
नळीतून चिमूट चिमूट वाळू रुळावर,
आणि गाडी धरणार.
"लोक धूर बघतात, शिट्टी ऐकतात.
चढवतं कोण?"
असं विचारून ते भुवया झटकायचे,
आणि आई ताट मागं ओढायची.

अब्दुलबागी अतबऱ्याचा.
सुदानातलं भुसावळ म्हणा.
शेडच्या भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं गाव.
त्याचा आजा ड्रायव्हर, बाप ड्रायव्हर,
हा मात्र इथं माझ्याबरोबर ब्रश मारतो.
चहाच्या सुट्टीत तोंडानं चार इंजिनं काढतो,
चारही वेगळी,
एकाला दमा होता, तोसुद्धा.
अतबऱ्याला आता गाडी जाते का,
हे मी एकदाच विचारलं.

गुरुवारी पहाटे माणसांची पहिली गाडी होती.
आजवर खडी, गंधक, कंटेनर.
आम्ही रात्रभर लोटत होतो,
मग कुंपणाला टेकून उभे राहिलो.
खजुराच्या बागेतला मुनीम पिकअपच्या टपावर,
बायकोच्या कडेवर पोर, पोराच्या हातात अर्धी खुबूस.
आली.
आली म्हणेस्तोवर गेली.
काचेमागं एक माणूस, ओठाला कप लावलेला,
एका मुलीचं कपाळ काचेला चिकटून चपटं झालेलं,
बाकी सगळं पांढरं, धुतलेलं, मुकं.
पोर म्हणालं, अजून एकदा.
कसला वास नाही, डोळ्यात कोळशाची कुच नाही.
अब्दुलबागीनं दोन्ही तळवे तोंडाशी धरले
आणि तिच्या वतीनं शिट्टी दिली,
लांब, आखूड, परत लांब.
पलीकडं एका उंटानं मान उचलली
आणि परत खाली घातली.

अण्णांना फोन लावला. त्यांच्याकडं दूध यायची वेळ.
चढली का?
चढली. डोंगरात गेली.
वाळू?
एक कण नव्हता, अण्णा.
मग पलीकडं बराच वेळ नुसता पंखा.
मग धरलं कशानं?
मी म्हणालो, असतंय काहीतरी. कॉम्प्युटर.
हां, म्हणाले. ते "हां" मला माहीत आहे,
दहावीच्या मार्कांनाही तेच होतं.
फोन ठेवता ठेवता म्हणाले,
येताना चिमूटभर आण तिकडची.
भाजून बघतो.

रूमवर आलो. रोज बूट बाहेर झटकतो.
आज निडोच्या रिकाम्या डब्यात झटकले,
उजवा, मग डावा.
तळ झाकला.
विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.