आवराआवर

पीटरमारित्झबर्ग. प्रयोगशाळेचा तळमजला.
रात्रीचे दोन वीस.
दर अर्ध्या तासाला मी चिमट्याने एक पान खुडते,
काट्यावर ठेवते,
आणि वहीत लिहिते किती पाणी उरलं.

झुडूप गुडघ्याएवढं. उत्तरेकडच्या खडकांवरून आणलेलं,
जिथे मातीसुद्धा भाड्याने राहते.
पाणी तोडून आज अकरावा दिवस.
हेस्टर म्हणते, नोक्वाझी, मरतंय असं लिहू नकोस.
आवरतंय, असं लिही.

आणि खरंच आवरतंय.
पानांचे पंखे चुणीवर चुणी मिटले,
हिरवा रंग घडीच्या आत गेला,
बाहेर राहिली ती तपकिरी बाजू, उन्हाला दाखवायला.
पेशीतून पाणी उठून गेलं
त्या त्या जागी साखर येऊन बसली.
आधी एकतारी, मग गोळीबंद,
मग काच.
त्या काचेत सगळं होतं तिथे थांबलंय,
एक टाकाही न उसवता.

शेजारच्या कुंडीत मका.
त्याचं पाणीही त्याच दिवशी तोडलं.
चौथ्या दिवसापर्यंत ऐटीत होता,
पाचव्या दिवशी पानं सुरळी करून बघितली,
सातव्या दिवशी धावाधाव.
तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला.
आता पंख्याचा वारा आला की नुसता वाजतो.

गंमत ही, की हे आवरणं मक्यालाही येतं.
दाण्यात येतं.
प्रत्येक दाणा असाच वाळतो,
असाच गोळीबंद होऊन पोत्यात पडून राहतो,
आणि ओल लागली की उठतो, जसं काही झालंच नाही.
पान झालं की विसरतो.

आमचं सगळं काम एवढंच:
दाण्याला ठाऊक असलेलं पानाला सांगायचं,
आणि कुठल्या जनुकाच्या तोंडून सांगायचं ते शोधायचं.
सात वर्षं. दोनशे चौदा रोपं.
पाणी घातल्यावर परतलेली पानं:
तो रकाना मी पेन्सिलीने भरते.

जूनमध्ये मान्दवांदवेकडे गेलो होतो.
तिच्या चुलीवरच्या आढ्याला डहाळ्यांची जुडी टांगलेली,
धुराने काळी, नवऱ्याने शेवटची आणलेली.
एक तोडून तिने कपात उभी केली
आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, उवुक्वाबाफिले.
मेलेल्यांतून उठणारी.
ते नाव आम्हाला माहीत होतं. आमच्या पत्रकावर छापलंय.

हेस्टरने तिला मक्याचं सांगितलं. मी झुलूत सांगितलं,
जनुकाला शब्द सापडेना, तर "आठवण" म्हटलं.
म्हातारीने ऐकून घेतलं, नाक पुसलं, मग विचारलं,
साखर अशी पानातच अडकून बसली
तर कणसात काय येणार?

वही गाडीत राहिली होती.
हेस्टरने तो प्रश्न तळहातावर लिहून घेतला
आणि परतताना चाक धरलेला हात
सारखा उलटा करून बघत होती.

सकाळी निघालो तेव्हा कपातली डहाळी हिरवी होती.
मान्दवांदवेने तिचा काढा करून
शेजारच्या खोकणाऱ्या पोराला पाजलाही.

माझा डबा: काल रात्रीची फुथू, थंड, भुगा झालेली, वर दही.
मक्याशेजारी बसून मका खाते.
त्याला पाठ करून बसावं की नाही,
हे अजून ठरवता आलेलं नाही.

दोन पन्नास.
पान खुडते. तोलते.
मघाच्या पानाइतकंच.
पुन्हा तोलते, काटा पुसून. तितकंच.
म्हणजे संपलं आवरून.
आता गुरुवारपर्यंत हे झुडूप कुणाचंच काही लागत नाही.

वहीत लिहिते: फरक शून्य.
वेळ लिहिते, सही करते.
दिवा घालवायच्या आधी
पेल्यातलं उरलेलं पाणी
मक्याच्या कुंडीत ओतते.
याचा वहीत रकाना नाही.